शिरक्याचा ड्रम धुताय? आधी तोटी खोला

गेल्या मार्चमध्ये तासगावच्या सोनाका द्राक्षांचा चाळीस लिटर रस शिरक्यासाठी नव्या स्टीलच्या ड्रममध्ये भरला, तीन आठवड्यांनी तोटी सोडली तर काळपट पाणी, चव तर तोंडात खिळा धरल्यासारखी. सगळं मोरीत ओतलं. यंदा निदान तुम्ही तरी ही माती खाऊ नका.

ड्रम ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या, बिलावर तसं लिहून घ्या. मॅग्नेट लावून बघू नका, २०२ या हलक्या ग्रेडलाही तो चिकटत नाही. वेल्डिंगपाशी निळे-पिवळे डाग असतील तर फॅब्रिकेटरकडूनच, म्हणजे ड्रम बनवणाऱ्याकडूनच काढून आणा, डाग काढायची पेस्ट लई जहाल असते, घरात आणायचीच नाही.

आता तोटी खोला. नुसती उघडबंद नाही, खोला. मी ड्रम चकाचक केला आणि तोटी तशीच ठेवली, नंतर आट्यांत कानातला कापूस फिरवला तर काळाकुट्ट निघाला, तेल आणि लोखंडाचा कीस. आतला बॉल, वॉशर, नट सगळं ताटात काढा.

मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा, हातमोजे घालून. तेल राहिलं तर पुढचं ॲसिड स्टीलला लागतच नाही. घासायला हिरवी नायलॉनची घासणीच, तारेची घासणी लपवून ठेवा, आमच्या आईनं मायेनं घासून दिला होता!! तारेचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात आणि गंजतात. ब्लीच तर अजिबात नको, क्लोरीननं बारीक खड्डे पडतात, आणि ॲसिडमध्ये मिसळलं तर विषारी गॅस. धुतल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे, थेंब थेंब झाले तर परत सोडा.

मग सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्व, १० लिटरला अर्धा किलो. त्यानं वरचं सुटं लोखंड निघून जातं आणि स्टीलमधल्याच क्रोमियमचा गंज अडवणारा पातळ थर नीट धरतो. पाणी गरम न करताही वीस मिनिटं पुरतात म्हणे, मी तासभर ठेवतो. तोटीचे सुटे भागपण त्यातच.

भरपूर धुवा, शेवटचं पाणी आरओचं, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात. फडकं बांधून दिवसभर वाळवा. नवी टेफ्लॉन टेप लावून जोडा.

थांबा, तोटी खोलूनच बुडवली होती ना? नसेल तर परत खोला.