उचलीच्या वहीवर सही करण्याआधी

ट्रे कसा धरायचा, तापलेलं गिऱ्हाईक कसं शांत करायचं, हे हॉटेलात नवीन लागलेलं पोरगं आठ दिवसांत शिकतं. हिशोबाचं मात्र कुणी सांगत नाही. मला तर माझ्या कॅप्टननंही, म्हणजे वेटरांवरच्या प्रमुखानंही, सांगितलं नाही, आणि त्याला मी मामा म्हणायचो.

मी जिंतूरकडचा. २०१८ साली संभाजीनगरात आलो आणि बीड बायपासवरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटात वेटर म्हणून लागलो. पगार नऊ हजार, राहणं-खाणं शेठकडं. चार महिने पगार वेळेवर झाला. मग 'लग्नसराई होऊ दे' सुरू झालं. मी थांबलो, कारण सगळेच थांबले होते.

फसलो ते पगार थकला म्हणून नाही. फसलो उचलीत, म्हणजे पगारापोटी आगाऊ घेतलेल्या पैशांत.

आईच्या दवाखान्यासाठी पाचशे रुपये घेतले होते. शेठच्या लाल वहीत नुसतं ५०० लिहिलेलं, त्यासमोर मी सही ठोकली. दोन महिन्यांचा पगार थकल्यावर मी काम सोडलं तेव्हा तीच वही माझ्यासमोर आली. आता तिथं ५५०० होते. मूळ ५०० फिके निळे, डावीकडं घुसवलेला पाच जरा गडद. सही माझीच. काय बोलणार?

म्हणून हे नीट वाचा, कंटाळा आला तरी वाचा. उचल घेताना रक्कम अक्षरात लिहा, 'पाचशे फक्त', आणि तीही स्वतःच्या हातानं. आकड्याच्या आधीची आणि नंतरची मोकळी जागा रेघ मारून बंद करा. तारीख टाका. तिथंच उभ्या उभ्या फोटो काढा आणि भावाला किंवा मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. कोऱ्या व्हाउचरवर सही नको, शेठ कितीही गोड बोलला तरी नको. 'पूर्ण हिशोब मिळाला' असल्या कागदावर सही करावीच लागली, तर सहीशेजारी लिहा: 'तीन हजार मिळाले, बाकी येणे.'

इतकं का सांगतोय? कायदा तुमच्या बाजूनं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, काम सोडलं किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा. ग्लास फुटला म्हणून परस्पर पैसे कापता येत नाहीत, आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. आणि पगार दिला हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. फक्त तुमची सही त्याच्या वहीत असली, की ते ओझं त्यानं अर्धं उतरवलंच म्हणून समजा.

टिपेचं वेगळं आहे. सुप्रीम कोर्टानं २०१६ साली एका प्राप्तिकराच्या खटल्यात सांगितलं, की टिप गिऱ्हाईक देतो, तो मालकानं दिलेला पगार नव्हे. म्हणून 'तुला टिप मिळतेच की' असं म्हणून शेठ किमान वेतनाखाली जाऊ शकत नाही. पण त्यामुळंच अडवलेली टिप पगार म्हणून मागणंही अवघड. नऊशे चाळीसचं बिल, गिऱ्हाईक गल्ल्यावरच्या क्यूआरवर हजार टाकून 'बाकीचे पोरांना' म्हणत निघून जातं, आणि ते साठ रुपये शेठच्या खात्यात मुरतात. टिपेचा डबा कधी उघडणार, भांडी घासणाऱ्या मोरीवाल्याला वाटा किती, क्यूआरची टिप कोण लिहून ठेवणार, हे लागतानाच विचारा. लाजू नका.

गल्लीतल्या 'भाऊ'कडं जाऊन पैसे काढून घेणारे पाहिलेत मी. पैसे शेठकडून निघतात, भाऊकडं अडकतात. त्यापेक्षा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. दाव्याला आता तीन वर्षांची मुदत आहे. माझ्या वेळी बाराच महिने होते, आणि त्यातले सात मी भीतीतच घालवले. तुम्ही घाबरलात तरी चालेल, अर्ज तेवढा द्या. वकिलाची मदत लागली तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, किंवा १५१०० वर फोन लावा.

माझ्या अर्जावर शेठला बोलावलं तेव्हा तो वही घेऊन आला. साहेबांनी ते पान खिडकीच्या उजेडात धरलं, दोन्ही पाच बघितले आणि काही न बोलता त्याच्याकडं पाहिलं. अठरा हजारांपैकी पंधरा मिळाले. या वेळी पावतीवर 'पंधरा हजार फक्त' मी लिहिलं, माझ्या पेनानं.