तीर्थनवर ट्राउटसाठी जायचंय? तारीख सुट्टी बघून ठरवू नका

हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंगला, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याने (फ्लायने) मासे धरायला, जायचं म्हटलं की आपल्याकडे आधी मे महिन्याची सुट्टी डोळ्यांसमोर येते. तिथेच घोटाळा होतो. मेच्या मध्यानंतर वरचं बर्फ जोरात वितळतं आणि दुपारी नदी फुगते. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसाचं गढूळ पाणी. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाची वीण, म्हणून मासेमारीला बंदी. हाती उरतात ते दोनच हंगाम: मार्चच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबर संपेपर्यंत.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एप्रिलच निवडावा. ऑक्टोबरात पाणी इतकं नितळ आणि कमी असतं की मासा सावलीलाही बुजतो.

दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीच्या बसने औटला उतरा, तिथून बंजारमार्गे गुशैनी. नदीवर निदान चार दिवस हातात ठेवा, कारण वर एक जोरदार सर पडली की एखादा दिवस वाया जातोच. मत्स्य विभागाचा परवाना गळ टाकण्याआधी घ्या आणि त्यावरचे नियम नीट वाचा. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिरायला वेगळी परवानगी लागते. लारजीच्या खाली बियासमध्ये मात्र उतरूच नका. धरणाचं पाणी अचानक सुटतं.

नदीवर पोचल्यावर लगेच गळ टाकायची घाई नको. आधी थर्मामीटर पाण्यात धरा. १० ते १६ अंश सेल्सिअसला ब्राउन ट्राउट मन लावून खातो. ७ च्या खाली तो तळाशी सुस्त पडून असतो, आणि पारा १९ च्या वर गेला तर थांबा. इतक्या गरम पाण्यात थकलेला मासा सोडल्यावरही मरतो.

मग किडे शोधा, कारण ट्राउट जे खातोय त्याच्यासारखीच फ्लाय लावायची असते. घोटाभर पाण्यात, खळाळाच्या कडेला, नारळाएवढा गोटा अलगद उचलून उलटा करा. पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची झालर असलेली, सरपटणारी अळी म्हणजे मेफ्लाय. तशी झालर नाही आणि शेपट्या दोन, तर स्टोनफ्लाय. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहते ती कॅडिस. मेफ्लायच्या पाठीवर पंखांच्या गाठी असतात. त्या काळ्याभोर झाल्या असतील तर किडा आज-उद्या पंख फुटून वर येणार. हेच हॅच. पाच-सहा गोटे बघा, एकावर अंदाज बांधू नका. बघून झाल्यावर गोटा होता तसाच ठेवा.

मार्च-एप्रिलच्या गार दिवसांत मेफ्लाय साधारण ११ ते ३ च्या दरम्यान वर येतात, आणि ढगाळ हवेत हा खेळ जास्त वेळ चालतो. ऊन तापायला लागलं की कॅडिसची वेळ संध्याकाळवर जाते. ऑक्टोबरात काठावरून पाण्यात पडणारे मुंग्या-नाकतोडे विसरू नका.

सामान कमीच असू द्या: ९ फुटी, ४ किंवा ५ वजनाचा (हा लाइनच्या जाडीचा क्रमांक, किलो नव्हे) रॉड, तरंगती लाइन, तिच्या पुढे ९ फुटी लीडर (निमुळता पारदर्शक दोरा), टोकाला ५एक्स टिपेट (फ्लाय बांधायचा बारीक दोरा). फ्लायमध्ये, गळाच्या आकारानुसार, १४ ते १८ नंबरचे फेझंट टेल आणि पॅराशूट अ‍ॅडम्स, १४ ते १६ चे एल्क हेअर कॅडिस. पृष्ठभागावर काहीच हालचाल नसेल तर मणी लावलेला निम्फ (पाण्याखालच्या अळीसारखी फ्लाय) वापरा, आणि इंडिकेटर (तरंगती खूण) फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर बांधा. निम्फ अधूनमधून तळाला घासायला हवा; एकदाही घासला नाही तर तो मासळीच्या डोक्यावरून चाललाय.

सगळ्यात जास्त मासे हुकतात ते ओढीमुळे. मधला जोराचा प्रवाह लाइन खेचतो, फ्लाय पाण्यापेक्षा वेगाने पळते, आणि ट्राउट पाठ फिरवतो. म्हणून प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभं राहून वर, तिरकी फेक करा. लाइन पडल्या पडल्या तिचा मधला भाग उचलून वरच्या अंगाला टाका.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा हातात घ्यायच्या आधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. ऑक्टोबरच्या शेवटी उथळ पाण्यात ताटाएवढ्या जागेतली खडी आजूबाजूपेक्षा उजळ, घासल्यासारखी दिसली, तर तिथे पाय ठेवू नका. मादीने खाली अंडी पुरलेली असू शकतात.