कटलफिश आणण्याआधी नागपूरकरांनी काय काय पाहावं

नागपुरात कटलफिश (ऑक्टोपसची समुद्री नातलग) पाळायची तर पहिला खर्च चिलरचा, म्हणजे टाकीचं पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचा. टाकी, वाळू, दिवे सगळं त्यानंतर. घरी पाळतात ती बुटकी जात, सेपिया बॅन्डेन्सिस. तिला पाणी साधारण २४ ते २६ अंशांचं लागतं आणि आपल्याकडे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. टाकीवर पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्याचा काही निभाव लागत नाही. त्यातून खोलीत कूलर चालू असला की हवा दमट होते आणि तेवढंही उतरत नाही. चिलर स्वतः गरम हवा फेकतो, म्हणून त्याला टाकीखालच्या बंद कपाटात कोंबू नका. लाइट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर चिलर ओढेलच असं नाही. निदान एअर पंप तरी बॅटरीवर चालायला हवा.

एकीसाठी शंभर-सव्वाशे लिटरची टाकी घ्या, उंच नको, पसरट. घाबरली की ही बया मागच्या मागे सुसाट सुटते आणि काचेवर आपटते. शेपटाकडची कातडी सोलली गेली की तिथे जखम चिघळते. म्हणून टोकदार दगड नकोत, फिल्टरच्या तोंडाला स्पंज हवाच.

पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे फिल्टरने क्षार काढून टाकलेलं, त्यात समुद्री मीठ, घनता १.०२५ च्या आसपास. घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू बसेपर्यंत टाकी महिना-दीड महिना तशीच चालू ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दाखवेपर्यंत जनावर आणायचं नाही. उन्हाळ्यात पाणी आटतं, मीठ मागे राहतं, तेव्हा भर साध्या आरओ पाण्याचीच घाला. तांबं हिला विषारी, म्हणून तांब्याचं औषध पडलेली जुनी टाकी फुकट मिळाली तरी नको.

खरी अडचण खाण्याची. पिल्लं हलणारं भक्ष्यच पकडतात, त्यांना जिवंत समुद्री मायसिड (झिंग्यासारखे बारीक जीव) लागतात, आणि समुद्र इथून शेकडो किलोमीटर. गोड्या पाण्याचे झिंगे अधूनमधून चालतील, रोज नाही. फ्रोझन झिंगा काडीला लावून हलवला तर घेणारी, जरा मोठी झालेलीच मागवा. आयुष्य जेमतेम वर्षभराचं असतं, तेव्हा विकणाऱ्याला वय विचाराच. पार्सल आलं की पिशवीत थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत तिला सवय करा. पिशवीत शाई सुटली असेल तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका, आणि टाकीत शाई सुटलीच तर ती शोषायला ॲक्टिव्हेटेड कार्बन हाताशी असू द्या.