फ्लॅशसाठी लेन्स आणि सेटिंग कशी निवडावी

फ्लॅश विकत घेतल्यावर काढलेले पहिले फोटो बहुतेकांचे एकसारखेच निघतात. चेहरा पांढराफटक पडतो, कपाळ चकाकते आणि मागची खोली काळोखात बुडून जाते. हे पाहून अनेक हौशी छायाचित्रकार फ्लॅश पिशवीत ठेवून देतात आणि एफ/१.४ किंवा एफ/१.८ ची, म्हणजे प्रकाशासाठी खूप मोठी उघडणारी लेन्स शोधू लागतात. तो खर्च करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. फ्लॅश लावून काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर प्रकाशाच्या दोन नोंदी, एकाच वेळी होत असतात, एक त्या जागेतल्या मूळ प्रकाशाचे आणि दुसरे फ्लॅशच्या प्रकाशाचे. ही दोन्ही वेगवेगळी हाताळता आली, की कोणती लेन्स लावायची आणि कोणते आकडे ठेवायचे हा निर्णय पुष्कळ सोपा होतो, आणि बरेचदा असेही लक्षात येते की कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ मिमीची साधी झूम लेन्सच या कामाला पुरेशी आहे.

मूळ प्रकाशाचे एक्स्पोजर शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहते), अ‍ॅपर्चर (लेन्समधले छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) या तिघांवर ठरते. फ्लॅशचे एक्स्पोजर मात्र अ‍ॅपर्चर, आयएसओ, फ्लॅशची पॉवर आणि फ्लॅशपासून विषयापर्यंतचे अंतर यांवर ठरते. शटर स्पीडचा त्यात वाटा नसतो, कारण फ्लॅशचा झोत अत्यंत अल्पकाळ टिकतो. साधारण स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसवायचा सुटा फ्लॅश) पूर्ण पॉवरवरसुद्धा सेकंदाच्या तीनशेव्या ते हजाराव्या भागात आपला बहुतेक प्रकाश देऊन मोकळा होतो, आणि पॉवर १/६४ किंवा १/१२८ वर आणली तर हा काळ दहा हजाराव्या भागापेक्षाही लहान होऊ शकतो. शटर १/६० ला उघडे राहो वा १/२०० ला, तो झोत पुरताच टिपला जातो. हॅरोल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये टिपलेला दुधाच्या थेंबाचा मुकुट याच अल्पकाळाच्या झोताची करामत आहे. तिथे हालचाल गोठवली ती फ्लॅशने, शटरने नव्हे. म्हणून व्यवहारात एवढे ध्यानात ठेवावे की पार्श्वभूमी उजळ किंवा गडद करायची असेल तर शटर स्पीड बदलावा, आणि समोरच्या माणसावरचा प्रकाश कमी-जास्त करायचा असेल तर फ्लॅशची पॉवर बदलावी.

शटरला एक मर्यादा मात्र आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या शटरला दोन पडदे असतात आणि साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंतच असा एखादा क्षण येतो, की ज्यात पहिला पडदा पूर्ण उघडलेला असतो आणि दुसरा सरकू लागलेला नसतो. या मर्यादेला सिंक स्पीड म्हणतात. त्याहून वेगवान शटर ठेवले तर पडद्यांमधली केवळ एक फट सेन्सरवरून सरकत जाते आणि फोटोच्या एका कडेला काळा पट्टा उमटतो. हाय-स्पीड सिंकची सोय असलेला फ्लॅश एका झोताऐवजी झोतांची मालिका सोडून ही अडचण दूर करतो, पण त्या बदल्यात त्याची पोहोच बरीच घटते. मिररलेस कॅमेऱ्यात फ्लॅश उडालाच नाही, तर तो बिघडला असे समजण्याआधी सायलेंट शटर सुरू राहिले आहे का ते पाहावे. त्या स्थितीत बहुतेक कॅमेरे फ्लॅश उडूच देत नाहीत.

घरात काम कसे सुरू करावे

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवावा. ऑटो आयएसओ बंद करावा, कारण तो सुरू असला की मूळ प्रकाशावरचा आपला ताबा सुटतो. सुरुवातीला १/१२५, एफ/५.६ आणि आयएसओ ४०० ठेवून फ्लॅश बंद असताना एक फोटो काढावा. हा फोटो म्हणजे तुमची पार्श्वभूमी आहे. तो जवळजवळ काळा आला, तर अंतिम फोटोतही मागची बाजू काळीच राहणार. तेव्हा शटर १/६० किंवा १/३० वर आणावे, आयएसओ ८०० करावा आणि खोली खरी दिसते त्यापेक्षा सुमारे एक स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होतो) गडद येईल इथवर थांबावे. त्यानंतरच फ्लॅश सुरू करावा. या क्रमाने गेलात, तर काळोखात तरंगणाऱ्या चेहऱ्याचा दोष पहिल्या दिवसापासूनच टळतो. शटर १/३० पेक्षा संथ झाले आणि माणसे हलत असतील, तर फ्लॅशने गोठवलेल्या स्पष्ट प्रतिमेभोवती मूळ प्रकाशातली धूसर सावली उमटते. ती नको असेल तर पार्श्वभूमी आणखी एखादा स्टॉप गडद होऊ द्यावी. हवीच असेल तर रिअर कर्टन सिंक निवडावे, म्हणजे फ्लॅश एक्स्पोजरच्या शेवटी उडतो आणि हालचालीची रेघ माणसाच्या मागे राहते.

मिररलेस कॅमेऱ्यात या सेटिंगमुळे व्ह्यूफाइंडर अंधारलेला दिसत असेल, तर मेनूमधून एक्स्पोजरची पूर्वझलक बंद करावी.

फ्लॅशची पॉवर ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. टीटीएलमध्ये फ्लॅश आधी एक क्षीण झोत सोडतो, कॅमेरा परतलेला प्रकाश मोजतो आणि पॉवर स्वतः ठरवतो. माणसे जवळ-दूर होत असतील अशा प्रसंगी हाच मार्ग योग्य आहे. मात्र मोजणारी यंत्रणा सगळे काही मध्यम करड्या छटेचे मानून चालते, त्यामुळे पांढऱ्या कपड्यांतली व्यक्ती काळपट येते आणि काळ्या कपड्यांतली जरुरीपेक्षा उजळ. हे फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने सुधारावे लागते. पांढऱ्यासाठी सुमारे अधिक एक आणि काळ्यासाठी उणे एक इथून सुरुवात करावी. विषय आणि फ्लॅश दोन्ही एका जागी स्थिर असतील, तर मॅन्युअल पॉवर अधिक भरवशाची ठरते, कारण एकदा जुळलेला प्रकाश फोटोगणिक बदलत नाही.

मॅन्युअलचा अंदाज गाइड नंबरवरून, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या आकड्यावरून, बांधता येतो. गाइड नंबरला अंतराने भागले की अ‍ॅपर्चर मिळते. समजा, तुमच्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला ३६ मीटर आहे आणि माणूस ३ मीटरवर उभा आहे. भागाकार १२ येतो, म्हणजे पूर्ण पॉवरवर साधारण एफ/११ हवे. आयएसओ ४०० केल्यावर गाइड नंबर दुप्पट, म्हणजे ७२ होतो, आणि त्याच अंतरावर एफ/५.६ ठेवले तर १/१६ पॉवर पुरते. नवख्या माणसाला फ्लॅश सतत अपुरा वाटतो तो आयएसओ १०० चा हट्ट धरल्यामुळे, असा माझा अनुभव आहे. आजच्या सेन्सरवर आयएसओ ४०० किंवा ८०० ने फोटोची प्रत फारशी घसरत नाही, उलट फ्लॅशवरचा ताण चौपट-आठपट हलका होतो. खोक्यावर छापलेला गाइड नंबर मात्र जपून वाचावा; तो बहुधा फ्लॅशचे हेड (प्रकाश फेकणारा वरचा भाग) १०५ किंवा २०० मिमीला झूम केलेले असतानाचा असतो आणि ३५ मिमीला तो बराच कमी भरतो.

हेड वर वळवून छतावरून बाउन्स केल्यास, म्हणजे परावर्तित करून घेतल्यास, प्रकाश मऊ होतो आणि लाल डोळ्यांचा प्रश्नही सुटतो, कारण तो प्रश्न फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळून सरळ डोळ्यांत पडल्यामुळे उद्भवतो. छत पांढरे आणि फार उंच नसेल तरच हे साधते. रंगीत छत किंवा भिंत आपला रंग चेहऱ्यावर उतरवते. बाउन्समध्ये दोन ते तीन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो, म्हणून वरच्या उदाहरणातली १/१६ पॉवर १/४ किंवा १/२ करावी लागेल.

लेन्सची निवड

लेन्स निवडताना सगळ्यांचे लक्ष अ‍ॅपर्चरकडे जाते, पण फ्लॅशच्या कामात फोकल लेंग्थचा (लेन्सवरचा मिमीचा आकडा; लहान असला की लेन्स वाइड, मोठा असला की लांब) प्रश्न त्याहून मोठा आहे. कारण फोकल लेंग्थवर तुम्ही किती अंतरावर उभे राहणार हे ठरते, आणि फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल तर त्याच अंतरावर प्रकाश सर्वत्र सारखा पडणार की नाही हेही ठरते. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. तीन रांगांचा एक गट डोळ्यांसमोर आणा, ज्यात पुढची रांग आणि मागची रांग यांत दीड मीटर अंतर आहे. वाइड लेन्स लावून तुम्ही पुढच्या रांगेपासून १.५ मीटरवर उभे राहिलात, तर मागची रांग ३ मीटरवर, म्हणजे दुप्पट अंतरावर येते आणि तिथे एक चतुर्थांशच प्रकाश पोहोचतो. हा दोन स्टॉपचा फरक कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही. तेच तुम्ही लांब फोकल लेंग्थ घेऊन ४.५ मीटरवर मागे सरलात, तर अंतरे ४.५ आणि ६ मीटर होतात आणि फरक एका स्टॉपच्याही आत येतो. याची किंमत म्हणजे पुढच्या रांगेसाठी नऊपट प्रकाश लागतो. ती आयएसओ वाढवून आणि फ्लॅशचे हेड झूम करून भागवावी. जागा असेल तेव्हा मागे सरून लांब लेन्स वापरावी, हा माझा आग्रह याच हिशेबातून आलेला आहे.

वाइड लेन्सचा दुसरा त्रास कोपऱ्यांचा आहे. बऱ्याच फ्लॅशचे हेड २० किंवा २४ मिमीपर्यंतच पसरते. त्याहून वाइड लेन्सवर थेट फ्लॅश मारला, तर कोपरे गडद येतात. अशा वेळी हेडमधून ओढून काढायची पारदर्शक पट्टी पुढे घ्यावी किंवा बाउन्स करावा. कॅमेऱ्यातच बसवलेला छोटा फ्लॅश वापरत असाल, तर लेन्स हूड (लेन्सच्या पुढे लावायचे कडे) काढून ठेवणे अत्यावश्यक आहे. हूड किंवा लांब झूम लेन्सची नळी झोताच्या आड येते आणि फोटोच्या तळाशी अर्धचंद्राकृती सावली पडते. एका घरगुती समारंभातले माझे सुमारे पन्नास फोटो याच सावलीमुळे वाया गेले, आणि ते पुन्हा काढण्यासारखे नव्हते याची खंत मला आजही आहे.

किट झूम लेन्सचे अ‍ॅपर्चर झूम करताना एफ/३.५ पासून एफ/५.६ पर्यंत बदलते. मॅन्युअल फ्लॅशवर याचा परिणाम असा होतो, की वाइड टोकाला जुळवलेले एक्स्पोजर लांब टोकाला एक स्टॉपहून अधिक गडद येते. उपाय साधा आहे, आधीपासूनच एफ/५.६ किंवा एफ/८ ठेवावे, म्हणजे झूम कुठेही नेला तरी अ‍ॅपर्चर तेच राहते. फ्लॅश हाताशी असल्याने प्रकाशाची चणचण नसते, आणि या लेन्सची स्पष्टताही एफ/८ च्या आसपास चांगली मिळते.

मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सचा उपयोग नाही असे मात्र मुळीच नाही. अंधाऱ्या खोलीत मूळ प्रकाशही फोटोत यायला हवा असेल, किंवा छत उंच असून बाउन्समध्ये प्रकाश फार खर्च होत असेल, तर एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ ने चौपट प्रकाश मिळतो. अशा कामासाठी ५० मिमी एफ/१.८ ही किफायतशीर आणि शहाणपणाची निवड आहे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तिची चौकट साधारण ७५ ते ८० मिमीसारखी दिसते आणि व्यक्तिचित्रांना शोभते. फक्त ती सदैव पूर्ण उघडी ठेवू नये. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स एफ/१.८ ला २ मीटरवर फोकस केली, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटिमीटर असतो, एफ/५.६ ला तो सुमारे १८ सेंटिमीटर होतो आणि डोळ्यांपासून कानांपर्यंतचा चेहरा त्यात मावतो.

मॅक्रोचा, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोंचा, हिशेब निराळा आहे. १:१ आकारात, म्हणजे विषय सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, लेन्स दाखवते ते अ‍ॅपर्चर आणि सेन्सरवर प्रत्यक्षात पोहोचणारा प्रकाश यांत दोन स्टॉपचा फरक पडतो, म्हणजे एफ/८ हे एफ/१६ सारखे वागते. टीटीएल हे आपोआप सांभाळून घेते, मॅन्युअलमध्ये पॉवर चौपट करावी लागते. १०० मिमीच्या मॅक्रो लेन्सने विषय समोरच्या काचेपासून साधारण १३ ते १५ सेंटिमीटरवर राहतो, त्यामुळे फ्लॅशवर डिफ्यूजर (प्रकाश मऊ करणारे आवरण) लावायला जागा उरते. ६० मिमीला ती फार अपुरी पडते आणि लेन्सचीच सावली कीटकावर येते. हातात कॅमेरा धरून १/२००, एफ/८ आणि आयएसओ २०० इथून सुरुवात करावी.

भर उन्हात

उन्हातला फ्लॅश डोळ्यांखालच्या गडद सावल्या भरून काढतो, पण तिथे सिंक स्पीडची मर्यादा आडवी येते. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि १/२०० ला अ‍ॅपर्चर एफ/११ च्या आसपास ठेवावे लागते, आणि ३६ गाइड नंबरचा फ्लॅश तेव्हा पूर्ण पॉवरवर ३.३ मीटरपर्यंतच पोहोचतो. सावल्या फक्त हलक्या करायच्या असतील तर यापेक्षा एक-दोन स्टॉप कमी पॉवर पुरते. पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी एफ/२.८ हवे असेल, तर शटर १/३२०० ला न्यावे लागेल, म्हणजे हाय-स्पीड सिंक आलेच. किंवा चार स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी करडी काच) लावून १/२०० वरच थांबावे. फिल्टर ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी करतो, पण फ्लॅश नेहमीच्या पद्धतीने उडत राहतो.

रंगांच्या बाबतीत, फ्लॅशचा प्रकाश साधारण ५५०० केल्विनचा (आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर) आणि घरातल्या पिवळसर दिव्यांचा ३००० केल्विनच्या आसपासचा असतो. त्यामुळे चेहरा ठीक दिसला तरी मागची खोली नारिंगी येते. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगांची सेटिंग) ३२०० केल्विनला ठेवले, की दोन्ही प्रकाश एकमेकांत मिसळून जातात. सुमारे एक स्टॉप पॉवर तेवढी वाढवावी.

फ्लॅशसाठी रिचार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड पेशी घ्याव्यात. साध्या अल्कलाइन पेशींपेक्षा त्या फ्लॅश लवकर भरतात. पूर्ण पॉवरवर सलग वीस-पंचवीस झोत मारले की हेड तापते, तेव्हा थोडे थांबावे. फिल्मच्या काळातला जुना फ्लॅश हाती आला असेल, तर तो डिजिटल कॅमेऱ्यावर चढवण्याआधी त्याचा ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅश उडवताना कॅमेऱ्यावर येणारा विजेचा दाब) तपासून घ्यावा. काही जुन्या फ्लॅशमध्ये तो २०० व्होल्टच्याही वर असतो. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा तो अधिक असेल, तर असा फ्लॅश रेडिओ ट्रिगरवरही (तारेविना फ्लॅश उडवणारे साधन) न लावता बाजूला ठेवावा.