शेजारचे जनसमूह आणि डीएनएची जुळणी : या चुका टाळा

अ‍ॅलीलच्या (डीएनएतल्या एकाच जागी आढळणाऱ्या वेगवेगळ्या रूपांच्या) वारंवारतेचे तक्ते आणि त्यांवर बेतलेले न्यायवैद्यक अहवाल तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि चुका मात्र त्याच त्या येतात.

सर्वांत चीड आणणारी चूक म्हणजे नात्यातल्या माणसांचे नमुने स्वतंत्र म्हणून मोजणे. एका उत्साही संशोधकाने एका लहान जनसमूहाचे 60 नमुने गोळा करून, शेजारच्या समूहात जवळजवळ न आढळणारा अ‍ॅलील आपल्याला येथे भरपूर सापडला, असा दावा केला होता. मी संमतीपत्रे मागवून घेतली, तेव्हा त्यांतली नऊ माणसे एकाच आजोबांची नातवंडे निघाली, कारण एका दिवसात काम उरकायचे म्हणून सगळे रक्त एकाच अंगणात बसून घेतले होते. हार्डी-वाइनबर्ग चाचणीत (अ‍ॅलीलच्या जोड्या अपेक्षित प्रमाणात आहेत का, हे पाहणाऱ्या) तक्ता उत्तीर्ण झाला होता, हा त्याचा बचाव. पण एवढ्या थोड्या नमुन्यांत ती चाचणी असले दोष सहसा पकडत नाही. सख्ख्या भावंडांत कोणत्याही लोकसवर, म्हणजे डीएनएतल्या ठरावीक जागेवर, दोन्ही अ‍ॅलील एकाच वारशाने सारखे येण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते. म्हणून चारही आजी-आजोबांची नावे लिहून घेतल्याशिवाय मी नमुना घेऊ देत नाही, आणि नंतर प्रत्येक प्रोफाइल (एका माणसाच्या अ‍ॅलीलची नोंद) उरलेल्या सगळ्यांशी ताडून पाहतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण ज्याला त्याचा कंटाळा येतो त्याने तक्ते करू नयेत.

दुसरी चूक म्हणजे शेजारच्या समूहाचा तक्ता जसाच्या तसा उचलणे. मानवी वैविध्यापैकी सुमारे 85 टक्के वैविध्य समूहांच्या आतच असते, हे आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी 1972 मध्ये दाखवले, आणि घाईत असलेली मंडळी तेवढ्यावरच थांबतात. उरलेला फरक एकेका लोकसवर किरकोळ दिसतो खरा, पण वीस लोकसांचे आकडे एकमेकांशी गुणले की तोही वाढत जातो. समजा, एका अ‍ॅलीलची वारंवारता 0.01 आहे आणि आरोपीत तोच दोनदा (आई-बापाकडून एकेक) आला आहे. नुसता वर्ग केला तर योगायोगाने जुळण्याची शक्यता 0.0001 येते, लहान, अलिप्त समूहांसाठी सुचवलेला 0.03 हा थीटा (समूहातल्या लोकांच्या आपापसातल्या दूरच्या नात्यासाठीची दुरुस्ती) धरला तर सुमारे 0.0004, म्हणजे चौपट. थीटा वगळल्याने आकडा अधिक दिमाखदार दिसतो, पण त्याचा भार आरोपीवर पडतो. मी दोन्ही समूहांच्या तक्त्यांवरून हिशेब करतो आणि आरोपीच्या बाजूचा आकडा अहवालात लिहितो.

तक्त्यात न दिसलेल्या अ‍ॅलीलची वारंवारता शून्य धरू नये. किमान पाच वेळा दिसला असे मानावे, म्हणजे 100 व्यक्तींच्या (200 अ‍ॅलीलच्या) संचात 0.025.

वाय गुणसूत्रावरील लोकसांचे आकडे एकमेकांशी गुणू नयेत, कारण तो संपूर्ण संच बापाकडून मुलाकडे एकत्रच जातो. संदर्भसंचात तो किती वेळा दिसला, एवढेच मोजावे.

‘जुळणीची शक्यता कोटीत एक’ याचा अर्थ ‘आरोपी निर्दोष असण्याची शक्यता कोटीत एक’ असा होत नाही.

आणि नेहमीच्या एसटीआर (डीएनएतल्या छोट्या तुकड्यांची पुनरावृत्ती मोजणाऱ्या) प्रोफाइलवरून ‘हा अमुक समूहातला’ असे तपास अधिकाऱ्याला सांगू नये. हे लोकस निवडले गेले ते माणसामाणसांत फरक दाखवतात म्हणून. दोन शेजारी समूहांत त्यांवर बहुतेक तेच अ‍ॅलील थोड्या कमी-अधिक प्रमाणात आढळतात.