नवा सर्व्हर जोडण्याआधी डोमेनची फंक्शनल लेव्हल कशी बघायची

उसाच्या मोसमात रस्त्यावरचे ट्रॅक्टर बघा. इंजिन नवंकोरं असलं तरी वेग मागच्या ट्रॉलीच्या चाकावर ठरतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे ऑफिसातल्या युजर आणि पीसींची विंडोजमधली नोंदवही, आणि तिच्यात एकत्र सांभाळला जाणारा गट म्हणजे डोमेन. कुठल्या आवृत्तीपर्यंतच्या सोयी वापरता येतील हे तिची फंक्शनल लेव्हल ठरवते, आणि त्या लेव्हलचंही तेच. ही नोंदवही सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. त्यातला सगळ्यात जुना जेवढं झेपवेल, त्याच्या वर लेव्हल जात नाही. आणि ट्रॉली बदलली म्हणून गिअर आपोआप पडत नाही. तो हातानंच टाकावा लागतो. सगळे सर्व्हर नवे झाले तरी लेव्हल वर्षानुवर्षं जुन्याच आकड्यावर राहू शकते.

गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत मी यातच अडकलो. दोन डोमेन कंट्रोलर, दोन्ही विंडोज सर्व्हर २०१९ चे. म्हटलं, चिंता नाही. नवा २०२५ चा सर्व्हर नेला, डोमेन कंट्रोलर करायला घेतला, तर त्यानं साफ नकार दिला. २०२५ ला डोमेन आणि फॉरेस्ट (एक किंवा जास्त डोमेनचा मिळून गट) दोन्हींची लेव्हल किमान २०१६ लागते. तिथं होती २०१२ आर२. खोकं उघडायच्या आधी पाच मिनिटं काढली असती तर अर्धा दिवस वाचला असता.

ती पाच मिनिटं अशी काढायची. सर्व्हर मॅनेजर उघडा, वर उजवीकडं ‘टूल्स’मध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन्स अँड ट्रस्ट्स’ आहे. डावीकडं डोमेनच्या नावावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ घ्या. ‘जनरल’ टॅबवर डोमेनची आणि फॉरेस्टची, दोन्ही लेव्हल लिहिलेल्या दिसतील. त्याच राइट क्लिकच्या मेनूत ‘रेझ डोमेन फंक्शनल लेव्हल’ असतं. तिथंही आकडा दिसतो, पण तिकडं जाऊ नका. बघायला म्हणून जायचं आणि घाईत बटण दाबायचं, हे होतं. चढवलेली लेव्हल खाली आणणं काही ठरावीक परिस्थितीतच जमतं.

पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांड लिहून चालवायची खिडकी, आवडत असेल तर ‘गेट-एडीडोमेन’ चालवून ‘डोमेनमोड’ची ओळ वाचा, मग ‘गेट-एडीफॉरेस्ट’ चालवून ‘फॉरेस्टमोड’ची. डिरेक्टरीत नुसता आकडा दिसला तर ६ म्हणजे २०१२ आर२, ७ म्हणजे २०१६ आणि १० म्हणजे २०२५. मधे २०१९ आणि २०२२ शोधत बसू नका. त्या आवृत्त्यांसोबत नवी लेव्हल आलीच नाही. सर्व्हर २०२२ वर ‘२०१६’ दिसलं तर ते बरोबरच आहे.

आता खरं काम. ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी युजर्स अँड कम्प्युटर्स’मध्ये ‘डोमेन कंट्रोलर्स’ हे फोल्डर उघडा आणि आत किती नावं आहेत ती मोजा. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. मला दोन सांगितले होते, यादीत तीन निघाले. प्रत्येक नावाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ टॅबवर आवृत्ती असते. तिसरा २०१२ आर२ चा, स्टोअरमध्ये टेबलाखाली, गेट पासचं सॉफ्टवेअर चालवत बसलेला. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपलाय. ऑफिसातले पीसी जुने असले तर बिघडत नाही, लेव्हल फक्त डोमेन कंट्रोलर बघते.

जुनं डोमेन असेल तर कमांड प्रॉम्प्टवर ‘डीएफएसआरमिग’ लिहून, जागा सोडून, तिरक्या रेघेनंतर (/) ‘गेटग्लोबलस्टेट’ द्या. उत्तर ‘एलिमिनेटेड’ हवं. ‘स्टार्ट’ आलं तर सिसव्हॉलची (प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर असणाऱ्या सामायिक फोल्डरची) नक्कल अजून जुन्या पद्धतीनं होतेय, आणि ते निस्तरल्याशिवाय २०१९ किंवा त्यापुढचा सर्व्हर डोमेन कंट्रोलर होत नाही.

फाउंड्रीत मग गेट पास दुसऱ्या मशीनवर हलवला, बॅकअप घेतला आणि तिसऱ्या सर्व्हरचं डोमेन कंट्रोलरपद रीतसर काढलं. रेप्लिकेशनमध्ये (डोमेन कंट्रोलर एकमेकांशी माहिती जुळवतात त्यात) चूक नाही हे बघून आधी डोमेन आणि मग फॉरेस्ट २०१६ वर चढवलं. फॉरेस्टची लेव्हल कुठल्याही डोमेनपेक्षा वर जात नाही, म्हणून क्रम हाच. नवा सर्व्हर त्यानंतर मुकाट जोडला गेला. स्टोअरकीपर काका एवढंच म्हणाले, “बरं झालं, पाय पसरायला जागा झाली.”