शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास : शुश्रूषेतील या चुका टाळा

रुग्ण शांत झोपला आहे, मॉनिटरवर ऑक्सिजन ९८ दिसतो आहे, म्हणजे सारे ठीक आहे, असे मानून पुढच्या खाटेकडे वळणे ही शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेतील सर्वांत धोकादायक चूक आहे. मॉर्फिन किंवा फेंटानिलसारख्या तीव्र वेदनाशामक औषधांनी श्वास मंदावतो. परंतु मास्कवाटे ऑक्सिजन चालू असेल तर बोटाला लावलेल्या यंत्राचा ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ चांगला राहतो आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड मात्र साठत जातो. म्हणून छातीकडे पाहून पूर्ण ६० सेकंद श्वास मोजावेत. १५ सेकंद मोजून चारने गुणले, तर संथ आणि अनियमित श्वासाचा हिशेब हमखास चुकतो. चार्टवर एकामागून एक सर्व रुग्णांचे श्वास १८ किंवा २० लिहिलेले दिसले, तर ते मोजलेले नाहीत असेच समजावे.

घोरण्याचा आवाज ऐकून ‘गाढ झोप लागली’ असे म्हणू नये. भुलीच्या अमलाखाली जीभ मागे पडून श्वासमार्ग अर्धा बंद झाल्याचा तो आवाज असू शकतो. अशा वेळी हाक मारून जागे करावे, हनुवटी वर उचलावी, शस्त्रक्रियेच्या दृष्टीने चालत असेल तर कुशीवर वळवावे. हाकेला प्रतिसाद क्षीण असेल किंवा श्वास मिनिटाला १० पेक्षा कमी असतील, तर भूलतज्ज्ञांना तत्काळ बोलवावे आणि ते येईपर्यंत रुग्णाला सोडून जाऊ नये.

याच्या उलट चूक म्हणजे तळमळणाऱ्या, नळ्या ओढणाऱ्या रुग्णाला लगेच झोपेचे औषध देण्याची घाई. आधी ऑक्सिजन आणि श्वास तपासावा, मग रक्तस्राव, वेदना आणि तुंबलेले मूत्राशय यांचा विचार करावा. स्पायनल भुलीनंतर (पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केल्यावर) लघवी तुंबणे वारंवार घडते आणि संवेदना अजून बधिर असल्याने ती जाणीव रुग्णाला नीट सांगता येत नाही.

रक्तस्रावाच्या बाबतीत बीपी घसरण्याची वाट पाहणे महागात पडते, कारण तरुण रुग्णाचे शरीर बराच काळ बीपी टिकवून धरते. आधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. प्रौढ रुग्णाची लघवी ताशी वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी होऊ लागली, की कळवावे. ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतील स्राव बाहेर आणणाऱ्या नळीत, काही आले नाही याचा अर्थ आत रक्तस्राव नाही असा होत नाही, नळी गुठळीने बंद झालेली असू शकते. ड्रेसिंग वरून कोरडे दिसले तरी कमरेखाली हात घालून चादर पाहावी. रक्त उताराकडे वाहत पाठीखाली साचते.

मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत ऑपरेशन थिएटर एका मजल्यावर आणि वॉर्ड दुसऱ्यावर असतो, लिफ्टसाठी थांबावे लागते. निघण्यापूर्वी पोर्टेबल सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती उरला आहे हे मामांवर (वॉर्डबॉयवर) न सोपवता सिस्टरनी स्वतः पाहावे. गार थिएटरमधून आलेला रुग्ण थरथरतो तेव्हा त्याच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते, त्यामुळे पंखा बंद करून कोरडे पांघरूण घालावे. बधिर पायांशी गरम पाण्याची पिशवी मात्र कधीही ठेवू नये: चटका बसतो आणि रुग्णाला कळतही नाही.

नातेवाइकांशी बोलायला वेळ नसतो, हे खरे आहे. रात्री एका सिस्टरकडे किती खाटा असतात हे वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही दोन मिनिटे काढावीतच, कारण परळच्या रुग्णालयांबाहेरून मायेने आणलेले शहाळ्याचे पाणी अर्धवट शुद्धीतल्या रुग्णाच्या घशाऐवजी फुप्फुसात जाऊ शकते. ‘सध्या काही देऊ नका’ एवढे सांगणे पुरत नाही. केव्हा, किती घोट आणि कोणाला विचारून द्यायचे, हे सोबत बसणाऱ्या व्यक्तीला सांगावे आणि तिच्याकडून ते पुन्हा वदवून घ्यावे. रात्री सोबतीला दुसरे कोणी येणार असेल, तर त्यालाही.